पाटा, वरवंटा आणि उजव्या पायाचा बूट

चामड्याचं काम करायला घरात एक बरी सपाट जागा असावी, एवढंच माझं म्हणणं होतं. तेवढ्यावरून आमचे व्याह्यांशी संबंध ताणले गेले आणि रेवदंड्याची मांजरं बिघडली.

मी रोह्याकडच्या एका कारखान्यात, भांडारात, आयुष्यभर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर रेवदंड्याला सासुरवाडीत राहायला आलो. घर सुलभाला तिच्या वडिलांनी दिलेलं. त्यामुळे गाव मला अजूनही 'जावईबापू' म्हणतं (केस पिकले, गुडघे गेले, तरी मी जावईच!) आणि भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी सुलभाची परवानगी लागते. माझ्या वडिलांचं माणगावच्या बाजारात चपलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक दगड आणि वडील. त्यांची चप्पल घालून माणसं घाट चढून उतरायची. मला मात्र त्यांनी दुकानात बसू दिलं नाही. "तू शाळा शीक," म्हणायचे. मी शिकलो, नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर पहिलं काम काय केलं, तर पेटीच्या तळातून त्यांची रापी आणि आरी बाहेर काढली. रापी चामडं कापायची, आरी भोकं पाडायची. अलिबागहून चामड्याचा एक तुकडा आणला, नाकाशी धरला आणि मला लहानपणच्या दुकानात गेल्यासारखं वाटलं. मी सुखावून गेलो.

"रक्तातच आहे आपल्या," मी सुलभाला म्हणालो.

"बोटातून निघेल तेव्हा दिसेलच," ती म्हणाली. तरीपण तिनं मागची पडवी मला दिली. तिथं तिला कपडे धुवायचं मशीन ठेवायचं होतं, पण नवऱ्याचा उत्साह बघून ती विरघळली. (लग्नानंतर हे फार क्वचित घडलंय, म्हणून मुद्दाम नोंदवतोय.)

अडचण एकच. पडवीची फरशी शहाबादी, खालीवर. तिच्यावर चामडं पसरून रापी ओढली की रेघ फरशीच्या मनाप्रमाणे जायची. मी सरळ पट्टा कापायला बसायचो आणि उठताना हातात चंद्रकोर असायची. टेबल आणावं म्हणून प्लायवूडचा तुकडा आणला, तो खाडीच्या हवेत फुगून असा वर आला की त्यावर ठेवलेला खडू आपोआप घरंगळायला लागला. तेव्हा मी घरात सपाट जागा शोधायला निघालो.

पहिलं सापडलं जेवायचं टेबल. वर गुळगुळीत सनमायका, उंची बरोबर, पंखा डोक्यावर. टेबल खराब होऊ नये म्हणून मी शहाण्यासारखं वर्तमानपत्र अंथरलं आणि ओल्या चामड्याचं एक पाकीट शिवून काढलं. ओलं चामडं शाई पितं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाकिटाच्या एका बाजूला काळसर, नाजूक नक्षी उमटली. मला ती आवडली! लेकीच्या डोहाळजेवणाला मी ते पाकीट मोठ्या प्रेमानं व्याह्यांना दिलं. व्याही उरणकडचे, ट्रान्सपोर्टचा धंदा, माणूस दिलदार. त्यांनी ते तिथल्या तिथे वापरायला काढलं आणि जाताना ट्रकमध्ये समोर ठेवलं. वडखळच्या आसपास त्यांना आरशात ती नक्षी सुलट दिसली. 'दुःखद निधन', आणि खाली कुणा तरी गृहस्थांचा हसरा फोटो.

"तुझे वडील रस्ताभर तीसच्या वर गेले न्हाईत," विहीणबाईंनी आमच्या जावयाला फोनवर सांगितलं, जावयानं लेकीला सांगितलं आणि लेकीनं आईला. टेबल माझ्या हातून गेलं.

मग मी स्वयंपाकघरातल्या ओट्याकडे वळलो. काळा ग्रॅनाइट, आरशासारखा. सुलभा बाजारात गेलेली बघून मी रापी चालवली. ग्रॅनाइटला काहीच झालं नाही. रापी मात्र इतकी बोथट झाली की तिनं लोणी कापायला घेतलं असतं तर लोण्याला गुदगुल्या झाल्या असत्या. आरीचं टोक तर मोडूनच गेलं. तेव्हा मला उमगलं की कापायला आणि भोकं पाडायला खाली लाकूड हवं. पातं थोडं आत शिरलं पाहिजे. हे ज्ञान मला ओट्यापाशी झालं, आणि ओट्याच्या वरच्या फळीवर लाकडाची एकच वस्तू होती.

सासूबाईंचा सागवानी पोळपाट. गोल, जड, तीन पायांवर घट्ट उभा. त्याच्या पाठीवर पंच ठेवून हातोडी मारली की कसं गोड 'टक्' व्हायचं! मी एक आख्खा पट्टा भोकं पाडून पुरा केला. नंतर नीट धुतला, पुसला, जागेवर ठेवला. फक्त एक चूक झाली. पाठ कुठली आणि पोट कुठलं, हे मी आधी पाहिलं नव्हतं.

लेक मानसी बाळंतपणाला आली होती. दुपारी जेवताना तिनं पोळी उजेडाकडे धरली.

"आई, पोळीला टाके कुणी घातलेत?"

पोळीच्या मधोमध, सारख्या अंतरानं, ठिपक्यांची सरळ रांग. माझ्या आयुष्यातली पहिली सरळ रांग ती! मी अभिमानानं बघत राहिलो आणि तिथंच सापडलो. सुलभा ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. तिनं पोळपाट पालथा केला, उलथा केला, आणि शांतपणे म्हणाली, "ऐका. आता घरातली आणखी एक वस्तू जरी त्या पडवीत गेली ना, तर पडवी माझी. बारशाला माणसं यायच्या आधी तिथं मशीन बसेल आणि तुमची हत्यारं पेटीत जातील."

"आणि गेली नाही तर?"

"तर बसा ठोकत."

झालं, मला अटी कळल्या. भांडारात आयुष्य गेलेल्या माणसाला अटी कळल्या की पळवाटाही कळतात. वस्तू घरातली नको, एवढंच ना? मी सकाळी बंदरावर हिराबाईकडे गेलो. ती मासे कापून विकते, आणि तिच्याकडे चिंचेच्या खोडाचा एक जुना ठोकळा पडून होता. चामड्याला भोकं पाडायला असलं आडवं कापलेलं खोड म्हणजे सोनं.

"न्या की, जावईबापू. चिंचेचा हाय, फुटायचा न्हाय."

"वास येईल का गं?"

"वास कसला? धुवून देतंय ना. खाडीच्या पान्यानं धुतलाय."

ठोकळा झकास होता. त्यावर मी स्वतःसाठी एक पट्टा केला आणि तो कमरेला बांधून शेअर रिक्षानं अलिबागला निघालो. रिक्षा सुटेपर्यंत दोन मांजरं माझ्या पायाशी घुटमळत होती, मी ते प्रेम समजलो. रिक्षात शेजारचा माणूस सारखा माझ्याकडे वाकून बघायला लागला. शेवटी त्यानं विचारलंच, "सुरमई काय?"

"पट्टा," मी म्हणालो.

"पट्टा? हा कुठला मासा?"

संध्याकाळी पडवीत दोरीवर टाकलेला तो पट्टा एका बोक्यानं सरळ उचलून नेला. मी मागे धावलो, बोका कौलांवर, पट्टा त्याच्या तोंडात, आणि खाली गावातली उरलेली मांजरं आपला वाटा मागत ओरडतायत. सुलभा दारात उभी राहून हे बघत होती. "ठोकळा घरातला नाही हे मान्य," ती म्हणाली. "पण तो घरात राहायचाही नाही." ठोकळा मी हिराबाईला परत दिला.

याच सुमारास आम्हाला नात झाली. इवलीशी, गोरीपान, मुठी आवळलेली. तिचे ते पाय पाहिले आणि माझ्या मनानं घेतलं की हिच्या बारशाला आजोबांच्या हातचे बूट हवेत. त्यात पाकिटाचीही भरपाई झाली असती. व्याह्यांच्या देखत मऊ चामड्याचे, लाल शिवणीचे, चिमुकले दोन बूट पाळण्यात ठेवायचे, आणि मग बघू कोण पडवी मागतंय! पण तळवा ठोकून चपटा करायला दगड हवा. अगदी वडिलांच्या दुकानात होता तसा.

दगड घरातच होता. म्हणजे घरामागे, विहिरीच्या कडेला. सासूबाईंचा पाटा आणि त्यावरचा वरवंटा. मिक्सर आल्यापासून त्याला फक्त सणावारी हात लागायचा. पाचवीला सुलभानं त्याची पूजा केली होती, हळदकुंकू अजून त्याच्यावर होतं. आता पाचवी झाली म्हणजे पाट्याचं काम संपलं, असा माझा प्रामाणिक समज. शिवाय तो घराबाहेर होता, आणि मी तो पडवीत आणणारच नव्हतो. पडवीच्या बाहेरच्या पायरीवर ठेवणार होतो. अट कुठेही मोडत नव्हती. मी त्याला नमस्कार केला आणि कंबर मोडेपर्यंत ओढत पायरीवर आणला.

पहिला तळवा ठोकला आणि उचलून पाहिला, तर त्याला फणसासारखे काटे! पाट्याला वाटणासाठी टाकी लावून खाचा पाडलेल्या असतात, हे मी साफ विसरलो होतो. पण आता मी माघार घेणार नव्हतो. शेजारी फरशीचं काम चाललं होतं, तिथून पॉलिशचा दगड मागून आणला आणि पाणी टाकत पाटा घासायला बसलो. सकाळभर घासला. शेवटी पाटा असा झाला की त्यात मला माझा चेहरा दिसला. चेहरा खूश होता.

आता बूट. बुटाला आकार द्यायला फर्मा लागतो, लाकडी पाऊल. बाळाच्या मापाचा फर्मा मी कुठून आणू? माझी नजर वरवंट्यावर गेली. दोन्ही टोकांना निमुळता, गुळगुळीत, गोलसर. जणू नातीची टाचच! मी ओलं चामडं त्याच्या टोकावर ताणून बसवलं, शिवलं, तळव्याला भरपूर सोल्युशन लावून चिकटवलं. डावा बूट ओला होता तेव्हाच काढला, सुरेख निघाला. उजवा बारशाच्या दिवशी सकाळी केला, आणि घाई होती म्हणून वरवंट्यासकट उन्हात ठेवला. ओलं चामडं वाळताना आवळतं. हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. (मला सांगणारा एकच माणूस होता, आणि त्यानं मला शाळेत पाठवलं होतं.)

घर माणसांनी भरलं. व्याही आले, विहीणबाई आल्या, पाळणा फुलांनी सजला. मी पायरीवर बसून उजवा बूट काढायला गेलो. निघेना. ओढला, फिरवला, दातात धरला. सोल्युशन आत उतरून त्यानं दगडाशी कायमचं नातं जोडलं होतं. खोबरेल तेल ओतलं, गरम पाणी ओतलं. बूट आणखी घट्ट झाल्यासारखा वाटला.

आणि आतून सुलभाचा आवाज आला, "मानसी, विहिरीवरून वरवंटा आण गं, गोप्या करायचाय."

माझी पाचावर धारण बसली. आता हे पुरुष वाचकांसाठी सांगतो. आपण बारशाला जातो, बाहेर मांडवात बसतो, घुगऱ्या खातो आणि घरी येतो. आत पाळण्यापाशी काय चालतं, हे आपल्यापैकी कुणालाही ठाऊक नसतं. तिथं बायका वरवंट्याला आंघोळ घालतात, कपडे-टोपरं घालून त्याचं बाळ करतात, त्याला गोप्या म्हणतात, आणि पाळण्याच्या खालून-वरून तो एकमेकींच्या हातात देतात. मग कुठे खरं बाळ पाळण्यात पडतं. वरवंटा नाही, तर बारसं नाही. इतकी बारशी जेवलो, पण हे मला त्या क्षणी कळलं!

"तू बस, मीच आणतो," मी ओरडलो, "मीच नटवून आणतो."

"तुम्ही?" आतून सुलभा. "पुरुष कधीपासून गोप्या नटवायला लागले?"

"आजोबा आहे, हौस आहे!"

मानसीनं दारातून नवं झबलं आणि टोपरं दिलं. मी बुटाकडची बाजू दुपट्यात खोल गुंडाळली, दुसऱ्या टोकाला टोपरं बांधलं, गाठीवर गाठ मारली आणि गोप्या सुलभाच्या हातात दिला. तिनं नाक उडवलं. "याला कसला वास येतोय?"

"नव्या कपड्याचा," मी म्हणालो, आणि काढता पाय घ्यायच्या ऐवजी दारातच खिळून राहिलो. पडवीचं भवितव्य आत हातोहात फिरत होतं. पाळण्याच्या एका बाजूला सुलभा, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. गोप्या खालून गेला, वरून आला, खालून गेला. खोबरेल तेलानं निसरडं झालेलं दुपटं प्रत्येक फेरीला जरासं सुटत होतं. आणि तिसऱ्यांदा विहीणबाईंनी त्याला हातात घेतलं तेव्हा ते गळून खाली पडलं.

गोप्या उघडा पडला. डोक्याला टोपरं, अंगात झबलं, आणि खाली लाल शिवणीचा, तेलानं चकचकणारा, उजव्या पायाचा बूट.

पाळण्याचं गाणं थांबलं. बायका बघत राहिल्या. दारामागून व्याहीही डोकावले, आणि पाकिटाची आठवण होऊन असेल, दोन पावलं मागे सरकले.

"ह्ये काय गो सुलभाबाय?" विहीणबाई म्हणाल्या. "गोप्याला बूट? आमचेकडं न्हाय घालीत."

सुलभानं बुटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मशीन होतं, पेटी होती, कुलूप होतं. मी हात जोडले. ती वळली आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "आमच्यात घालतात."

"व्हय?"

"हो तर. ह्यांच्या वडिलांचं चपलांचं दुकान होतं माणगावला. चामड्यावर ह्यांचं घराणं उभं राहिलं. मग बाळाआधी गोप्याला बूट नको? पद्धत आहे आमची."

 विहीणबाईंनी हळदकुंकवाचं तबक पुढे ओढलं, गोप्याच्या कपाळाला बोट लावलं, आणि तेच बोट खाली नेऊन बुटालाही लावलं. "मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "आमचेत पहिल्या गाडीचं चाक पुजतात. त्यातलंच ह्ये."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. वडिलांच्या धंद्याला कुंकू लागलेलं मी जन्मात प्रथमच पाहिलं, तेही माझ्या नातीच्या पाळण्यापाशी. (सोल्युशनचा वासही डोळ्यांना झोंबत होता, ते मान्य.) गाणं पुन्हा सुरू झालं, नात पाळण्यात पडली, तिचं नाव ठेवलं, आणि तिनं जोरात भोकाड पसरलं.

पाहुण्यांसाठी दुसऱ्या दिवशी मटणाचा बेत होता, आणि उरणच्या माणसांना मिक्सरचं वाटण द्यायचं नाही असा सुलभाचा हट्ट. ती पाट्यावर बसली. ओलं खोबरं ठेवलं आणि बूट घातलेल्याच वरवंट्याचं मोकळं टोक टेकवून जोर लावला. खोबरं सुळकन पाट्यावरून घसरलं आणि समोरच्या केळीच्या बुंध्याला जाऊन चिकटलं. तिनं पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. मग तिनं वाकून पाट्यात पाहिलं, आणि तिला त्यात तिच्या मागे उभा असलेला मी दिसलो.

"घासलात?"

"थोडा."

मला वाटलं, संपलं. मी हत्यारं गोळा करायला पडवीत गेलो. तेवढ्यात विहीणबाई परसात आल्या. त्यांच्या भावाच्या सुनेला मुलगा झाला होता, पनवेलला बारसं ठरलं होतं. "सुलभाबाय, तेवढा एक बूट आमचे व्याह्यांना सांगा. आमचे गोप्यालाबी होऊ द्या. ही पद्धत मना आवडली."

आता सुलभा काय करणार? पद्धत तिनंच जाहीर केली होती. पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत एका रात्रीत बंद पडली असं विहिणीला सांगता येत नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "देतील की. त्यांची पडवी आहेच."

तेव्हा पडवी राहिली. अर्ध्या भागात मशीन आलं, ते गरगरायला लागलं की माझी शिवण थरथरते, पण पाटा मात्र आता अधिकृतपणे माझा आहे. तसला गुळगुळीत, जड, गार दगड कुठल्या कारागिराकडे नसेल. नातीसाठी केलेला डावा बूट तिच्या पायात राहिलाच नाही. एका बुटात तिचे दोन्ही पाय मावत होते, मग तिच्या आईनं त्यात पिना ठेवायला सुरुवात केली. मी स्वतःसाठी केलेली चप्पल मला चावते. जावयाला दिलेली त्यानं अजून दाखवलेली नाही.

पण उरण, पनवेल, पेणपर्यंत माझी गिऱ्हाइकं आहेत आणि एकाचीही तक्रार नाही. माप चुकत नाही, बूट घसरत नाही, एकदा घातला की जन्मभर निघत नाही. वडील असते तर त्यांना अभिमानानं सांगितलं असतं, "बाबा, धंदा चालवतोय." फक्त गिऱ्हाईक दगडाचं आहे, हे मी सांगितलं नसतं.